नानांच्या गोठ्यातलं ऑफिस

पहाटे लवकर उठा, म्हणजे दिवस हाताशी येतो, असा सल्ला जयसिंग नानांच्या सुनेला तिच्या कंपनीने पाठवला, तेव्हा नाना म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून, गावातून दोन फेऱ्या मारून आले होते आणि अंगणातल्या बाजेवर बसून चौथा चहा पीत होते. सुनेने मोबाइलवरचा मजकूर मराठी करून वाचून दाखवला. नानांनी बशी खाली ठेवली.

"कोण म्हणतंय हे?"

"आमचे वेलनेस कोच, नाना. आनंद सर. गुरुग्रामला असतात."

"सवता कवा उठतो?"

"ते नाही माहीत. मेल आत्ता आलाय, साडेअकराला."

"मग बरोबर हाय," नाना म्हणाले. "उठल्या उठल्या धाडला आसंल."

विश्रांतवाडी मागे टाकून धानोरीच्या अंगाला वळलं, की आमची सोसायटी लागते. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'शांत कुरण' असा होतो. त्यातलं कुरण नानांचं होतं. शांतता कुणाचीच नव्हती. जिथे आज आम्ही तीनशे कुटुंबं टँकरची वाट बघत जगतो, तिथे नानांचे वडील ज्वारी काढत. कंपन्या आल्या, कंपन्यांमागून बिल्डर आले आणि ज्वारी गेली. पण सोसायटीच्या दाराशेजारचा तुकडा नानांनी सोडला नाही. त्यात त्यांचं जुनं घर, एक कडुनिंब, एक गोठा आणि चंद्री नावाची एक म्हैस. महापालिकेने त्यांना पुण्यात घेतलं, त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. नाना मात्र अजून शिवाजीनगरला निघाले की सांगतात, "जरा पुण्याला जाऊन येतो."

नानांच्या फाटकाला कडी नाही. होती. ती गंजून कधी पडली, हे कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण ती कधी कुणी लावलीच नव्हती. त्या फाटकातून आत गेलेला माणूस चहाशिवाय बाहेर आलेला मी पाहिलेला नाही. एकदा वीज तोडायला आलेला माणूसही चहा पिऊन, वीज न तोडता गेला.

आता हीच सवय सुनेच्या मुळावर येईल, असं कुणाला वाटलं असतं?

सुनेचं नाव अपेक्षा. माहेर मंचरचं. लग्न ठरलं त्या बैठकीत तिचे वडील रंगराव यांनी हुंडा, मानपान, बस्ता, कशाचंच नाव काढलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पोरीनं शिकून नोकरी मिळवलीय. ती तेवढी राहू द्या." त्यावर नानांनी चारचौघांत रंगरावांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "तुमची पोर माझ्या घरात हाय तवर तिची नोकरी सुटायची न्हाय. ह्यो माझा शबूद." नानांचा शब्द म्हणजे आमच्या भागात सात-बारा. किंबहुना सात-बारात अलीकडे फेरफार होतात, शब्दात नाही.

पुढे ती साथ आली, कंपनीने सगळ्यांना घरी बसवलं आणि अपेक्षा घरून काम करू लागली. त्याच काळात साई झाला. साथ सरल्यावर कंपनीला सगळ्यांची आठवण आली. आता हिंजवडीला या, म्हणाली. धानोरी ते हिंजवडी हे अंतर नकाशात पंचवीस किलोमीटरच्या आसपास दिसतं. नकाशा काढणारा पुण्यात राहत नसावा. साई उठायच्या आत निघायचं आणि तो झोपल्यावर परत यायचं, असा तो मामला. अपेक्षाने घरूनच काम करू देण्याची विनंती केली. कंपनी म्हणाली, जरूर. पण तुमचं घर कामाच्या लायक आहे का, ते आमचे आनंद सर कॅमेऱ्यातून बघतील. तुमच्या मीटिंगमध्ये घरातले आवाज येतात, अशी तक्रार आहे. महिन्याभराने, गुरुवारी अकरा वाजता पाहणी. पसंत पडलं तर घर, नाही तर हिंजवडी. आणि तोवर या घ्या टिपा.

या टिपा पाठवणाऱ्या जमातीचा मला मनापासून संताप येतो. 'दर पंचवीस मिनिटांनी उठून पाच मिनिटं चाला', ही एक टीप. आणि त्याच कंपनीने लॅपटॉपात एक हिरवा ठिपका बसवला आहे, तो माऊस जरा वेळ हलला नाही की पिवळा पडतो आणि साहेबाला कळवतो. म्हणजे चालायचं, पण माऊस घेऊन. 'डोळ्यांना विश्रांती द्या', ही दुसरी, आणि ती समजावणारा दीड तासाचा व्हिडिओ. 'ताण घेऊ नका' ही तिसरी, खाली बारीक अक्षरांत: या विषयावरची चाचणी शुक्रवारपर्यंत न दिल्यास वरिष्ठांना कळवले जाईल. हे लिहिणारा माणूस एकतर फार निर्मळ असावा किंवा फार निर्लज्ज. मधलं काही मला दिसत नाही.

पण नाना भडकले ते एका वेगळ्याच टिपेवर. ती म्हणत होती, 'नाही म्हणायला शिका.'

"कुणाला न्हाय म्हणायचं?" नानांनी विचारलं.

"आपला वेळ घेणाऱ्यांना. कोणी अचानक घरी आलं, गप्पा मारायला बसलं, तर..."

"दारात आल्याल्या माणसाला?" नाना बाजेवरून उठलेच. "आन् हे शिकवायला त्याला पगार हाय? आगं, तुझ्या सासूनं चोराला च्या पाजलाय! पाइप चोरताना घावला हुता, पोलीस येस्तोवर बसवून पोहं दिल्यात त्याला!"

"कांदा नव्हता त्यात," सोजरबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, आतून ओरडल्या. त्यांना ते अजून लागून राहिलं होतं.

त्या सगळ्या टिपांमध्ये नानांना पटली ती एकच: कामासाठी घरापासून वेगळी, शांत, उजेडाची जागा ठेवा. अपेक्षाच्या मनात आपलं साधंच होतं. बेडरूमच्या कोपऱ्यात एक पडदा लावावा, मागे पांढरी भिंत दिसेल असं बघावं. नानांनी ऐकून घेतलं, उरलेला चहा संपवला आणि गवंड्याला फोन लावला.

जागा निवडली गोठ्याची. घरापासून लांब, म्हणजे कुकरची शिट्टी ऐकू जाणार नाही. चंद्रीला कडुनिंबाखाली पत्र्याची सावली करून दिली आणि दाव्याने खुंटाला बांधली. तिची गव्हाण फोडून तिथे काचेची सरकती खिडकी आली. पांढऱ्या फरश्या आल्या. एसी आला. छताला मंगल कार्यालयात असतात तसे निळे-गुलाबी दिवे आले. आमदाराला शोभेल अशी फिरती खुर्ची आली. नानांचा मुलगा ऋषी म्हणाला, "नाना, खर्च बघा जरा." नाना म्हणाले, "शबूद बघितला आदी." अपेक्षाने दार लावून पाहिलं. आवाज खरोखरच येत नव्हता. तिचे डोळे भरून आले. "नाना, एवढं कशाला?" असं ती म्हणाली आणि नाना इतके खूश झाले की उगाचच गवंड्यावर खेकसले.

इथे थांबायला हवं होतं. पण नवी वास्तू आणि नारळ न फोडता वापरायची? उद्घाटन ठरलं. उद्घाटन ठरलं म्हणजे फ्लेक्स आला. चौकात, विजेच्या खांबापासून चिंचेपर्यंत: 'सौ. अपेक्षाताई यांच्या कार्यालयाचा भव्य शुभारंभ'. वर नाना, गॉगल लावून. शेजारी सोजरबाई, बिनगॉगलच्या पण तितक्याच करारी. ऋषी मोबाइल कानाला लावून. साईलासुद्धा गॉगल. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात एकमेकांवर कोर्टात दावे चालू असलेले दोघे शेजारी शेजारी हसत होते. जिचं ऑफिस तिचा फोटो तेवढा राहून गेला होता. तिच्या जागी फ्लेक्सवाल्याने एक लॅपटॉप टाकला होता.

फीत कापली नानांच्या थोरल्या बहिणीने, चऱ्होलीच्या गोदाबाईंनी. गावची कुठलीही मंगल गोष्ट त्यांच्या हातून होते. नाना साठी ओलांडलेले, पण गोदाबाई त्यांना अजून 'जयश्या' म्हणतात. हलगी वाजली, पेढे वाटले गेले. त्या वेळी अपेक्षा बेडरूममध्ये कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती आणि हलगी म्हणजे शेजारचं बांधकाम आहे, असं सांगत होती.

आता आमच्या भागाची रीत अशी, की उद्घाटनाला ज्याला येता आलं नाही, त्याने मागाहून जागा बघायला जायचंच. न जाणं म्हणजे डूख धरल्यासारखं. जायचं ते रिकाम्या हाताने नाही आणि गेल्यावर उभ्या उभ्या निघायचं नाही. त्यात वैशाख. त्यात एसी. जो तो यायचा, भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचा, बसायचा आणि एकदा बसल्यावर उठावं असं त्याला काही वाटायचं नाही. शेजारच्या मैनाकाकू तर मेथीची जुडीच घेऊन येऊ लागल्या. "तू कर गं तुझं काम, आमचं काय न्हाय," असं म्हणून त्या खाली फतकल मारत आणि मेथी निवडता निवडता जावयाबद्दल बोलत. नानांचे चुलतभाऊ भैरू जेवण झालं की थेट येऊन फरशीवर आडवे होत, ते दिवेलागणीपर्यंत. त्यांचं घोरणं अमेरिकेत ऐकू गेलं. तिकडच्या माणसाने विचारलं, हा आवाज कसला? अपेक्षा म्हणाली, "जनरेटर." तो हळहळला. भारतात वीज फार जाते, असं त्याने ऐकलंच होतं.

थोडक्यात, सुनेला एकांत मिळावा म्हणून नानांनी गावातली सर्वांत गर्दीची जागा बांधून दिली होती.

ती बिचारी सून. घरातल्या, त्यातही सासरच्या वडील माणसांना ती काय बोलणार? मंगळवारी मी दुधाचा रतीब सांगायला गेलो होतो, तेव्हा ती अंगणात आली आणि बाजेजवळ उभी राहिली.

"नाना, रागावणार नसाल तर बोलते. मला बेडरूमचा कोपराच बरा होता."

नानांचा चेहरा एकदम उतरला.

"परवा पाहणी आहे. खोलीत कुणी दिसलं, कुणाचा आवाज आला, तर एक तारखेपासून हिंजवडी. साईला टाकून मला नाही जमणार. मी राजीनामा देईन. तुम्ही बाबांना काही सांगू नका, मी सांगते. तुमच्यावर काही येणार नाही."

नानांनी चंद्रीकडे नजर वळवली. रंगराव मंचरला स्टँडवर भेटले की कसे हात जोडतात, ते बहुधा त्यांना दिसत असावं.

"गुरवारी कुणी येनार न्हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"मी बसतो फाटकावर."

गुरुवारी सकाळी फाटक बंद दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा. कडी नव्हती, म्हणून नानांनी चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडून आणलं होतं आणि फाटकाला गुंडाळून गाठ मारली होती. बाज रस्त्यावर. शेजारी चहाची किटली. पण माणूस परतवायचा कसा, ते नानांना कुठे येतंय? मैनाकाकू मेथी घेऊन आल्या. नाना म्हणाले, "आत झाडलोट चाललीय, वैनी. हितंच बसा." भैरू आले. "आत वल्लं हाय. हितंच पड." ते पडले. कुणी घड्याळ घेऊन आलं, कुणी नुसतंच आलं. नाना प्रत्येकाला चहा देत आणि ओठावर बोट ठेवत. अकरा वाजेपर्यंत रस्त्यावर वीसेक माणसं कुजबुजत बसली होती. जाणारे-येणारे गाड्या हळू करून, कोण गेलं, असं विचारत होते.

आणि रिक्षा आली. रिक्षातून गोदाबाई उतरल्या. नऊवारी नवं कोरं, हातात आंब्यांची पाटी.

"जयश्या, दोरी सोड."

"आक्का, बस जरा. च्या घे."

"रस्त्यावर?"

"आर्ध्या तासाचं काम हाय. पोरीची परीक्षा चाललीय आत."

"मग मी काय कापी पुरवायला आलीय का तिला? गप बसन एका कडंला. उन्हाचं डोसकं उठलंय माझं."

"आक्का, ऐक की."

"त्या खोलीची रिबीन कुणी कापली?"

"तूच."

"मग सोड."

नानांचा हात गाठीवर गेला. मी अगदी शेजारी उभा होतो. तो हात गाठीवर होता, गाठ सुटत नव्हती आणि आवळतही नव्हती. मग नाना म्हणाले, "आक्का, आज न्हाय."

मैनाकाकूंची मेथीची काडी तशीच हातात राहिली.

"न्हाय म्हनलास?" गोदाबाईंनी अगदी हळू विचारलं. मग आंब्यांची पाटी बाजेवर ठेवली. "आंबं सुनंला आन् पोराला. तू खाल्लंस तर बघ." आणि त्या आलेल्या रिक्षातच बसून निघून गेल्या.

आत काय झालं, ते अपेक्षाने नंतर सांगितलं. आनंद सर पडद्यावर आले. त्यांच्या मागे समुद्र होता. तो खरा नव्हता, कारण मध्येच त्यांचा कान समुद्रात बुडत होता. कामाच्या जागेत खरेपणा हवा, असं ते म्हणाले आणि खोली दाखवायला सांगितलं. अपेक्षाने लॅपटॉप फिरवला. भिंतीवर भेटीदाखल आलेली घड्याळं, सगळी आपापल्या मर्जीने चाललेली. सर खूश. वेगवेगळ्या देशांच्या वेळा लावल्या आहेत, वा! अपेक्षाने होय म्हटलं. दिवे, खुर्ची, शांतता, सगळ्याला पसंती. तेवढ्यात खिडकीची काच सरकली.

फाटकाला बांधलं होतं ते दावं चंद्रीचं. म्हणजे चंद्री सकाळपासून मोकळी. मोकळी म्हैस कुठे जाणार? जिथे इतकी वर्षं गव्हाण होती तिथे. तिने काचेला नाक लावलं, काच सरकली आणि अख्खं डोकं, शिंगांसकट, आत आलं. आणि मग ती ओरडली. जनरेटर म्हणून खपवावं असं ते ओरडणं नव्हतं.

अपेक्षाने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"ओह वॉव!" आनंद सर म्हणाले. "काउ?"

"बफेलो, सर."

सर गहिवरले. निसर्गाचा सहवास, प्राण्यांचा सहवास, यावर आपण वर्षभर टिपा पाठवतो आहोत आणि अखेर एका कर्मचाऱ्याने त्या मनावर घेतल्या, असं ते म्हणाले. कॅमेरा चंद्रीकडे धरायला लावून त्यांनी तिचा फोटो घेतला. घर पसंत. पुढचं वर्षभर हिंजवडीला यायची गरज नाही.

अपेक्षा धावत फाटकाशी आली. रस्त्यावरच्या मंडळींनी एवढा वेळ दाबून ठेवलेला आवाज एकदम सोडला. भैरू दचकून उठले. रंगरावांना दिलेला शब्द राहिला होता, पण नानांचं लक्ष चऱ्होलीच्या रस्त्याकडे होतं.

"आनि काय म्हनला तो?"

"एक सूचना लिहिलीय, नाना." अपेक्षा जरा अडखळली. "खोली फार एकाकी वाटते. माणसांत मिसळत जा. शेजारी, नातेवाईक, घरातली वडीलधारी माणसं यांच्याबरोबर रोज थोडा वेळ..."

पुढचं तिला वाचता आलं नाही. नानांचा चेहरा बघून मी किटली बाजूला घेतली.

"मानसांत मिसळा? आं? कालपातुर मानसं नको हुती ना त्याला? माझी सख्खी भन, जिनं मला कडंवर घेऊन वाढिवला, ती मी दारातनं परत लावली, आन् म्हशीला शाबासकी? लाव फोन. लाव त्या आनंदाला! समिंद्रात बुडवतो त्याला, तिथंच बसलाय तर!"

"नाना, नोकरी!" अपेक्षा म्हणाली.

या एका शब्दावर नाना थांबले. एवढा राग माणसाने गिळलेला मी पाहिला नव्हता. तो घशातून खाली जाताना दिसला. मग त्यांनी फाटकाचं दावं सोडलं आणि मला म्हणाले, "काढा गाडी."

चऱ्होलीला गोदाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. नाना पायरी चढायला लागले तशा त्या म्हणाल्या, "आज न्हाय." मग आतून चहा आला, तोही खाली, रस्त्यावर. नानांनी भर उन्हात उभं राहून तो घेतला. मलाही मिळाला. मी काही केलं नव्हतं, पण मी गाडी चालवली होती.

"आक्का, माझं चुकलं."

"तुझं कवा बरोबर हुतं? ती पोरगी पास झाली का?"

"झाली."

"मग रडतोस कशाला?" गोदाबाई म्हणाल्या. "उद्या येते. पर बसनार मी त्याच खोलीत. खुर्चीवर."

आता नाना कुणाला नाही म्हणणार, बहिणीला की सुनेला?

तोड काढली अपेक्षाने. आम्ही परत येईपर्यंत तिने आनंद सरांना उत्तर पाठवलं होतं: आपल्या मौल्यवान सूचनेनुसार रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीला जोडून अर्धा तास मी वडीलधाऱ्या माणसांत मिसळणार आहे, तरी तेवढा वेळ ठिपका पिवळा दिसल्यास कृपया समजून घ्यावे. सरांनी हात जोडलेलं चित्र पाठवून मंजुरी दिली. आपलीच टीप आपल्यावर उलटली, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली भरली. गोदाबाई आमदाराच्या खुर्चीत बसून दोन्ही बाजूंना फिरून बघत होत्या. साई त्यांच्या मांडीवर. मैनाकाकूंचा जावई मेथीबरोबर निवडला जात होता. भैरू घोरत होते आणि अमेरिका झोपलेली होती. वेळ संपत आली तशी मला धास्ती वाटू लागली, कारण या माणसांना उठवणार कोण? नाना तर फाटकाकडे पाठ करून उभे होते. कालचं एक 'न्हाय' त्यांना जन्माला पुरलं होतं.

गोदाबाईच उठल्या. "चला, उठा. पोरीचं काम हाय. मैने, ती मेथी घरी. ए भैरू!" भैरूंना त्यांनी पायाने ढोसलं. एका मिनिटात खोली रिकामी. कुणाच्या कपाळावर आठी नाही. गोदाबाईंनी हाकललं तर त्यात अपमान कसला? तेव्हापासून त्या रोज रिक्षाने येतात आणि रोज सगळ्यांना हाकलतात. अपेक्षाची नोकरी शाबूत आहे.

नानांचा राग मात्र गेलेला नाही. दर सोमवारी टिपा येतात, ते ऐकतात आणि एकेका टिपेला सविस्तर शिव्या घालतात. पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी चंद्रीला पुन्हा खुंटाला बांधलं, दुहेरी गाठ मारून. तिची पेंड त्यांनी कमी केली, असं सोजरबाई म्हणतात. ते मला खरं वाटत नाही. पण पूर्वी धार काढताना नाना तिच्याशी गावभरच्या गप्पा मारायचे. शाबासकी मिळाल्यापासून ते तिच्याशी एक अक्षर बोलत नाहीत, हे मी रोज सकाळी दूध घ्यायला जातो तेव्हा बघतो.